तिरकं पाणी

चिंचोळी एमआयडीसीत वाऱ्याला अडवायला काहीच नाही. पश्चिमेला लांबोटीजवळची सीना सोडली तर मोहोळपर्यंत माळच माळ. मृगाच्या आगेमागे वारं सुटतं ते पोळ्यापर्यंत बसत नाही. सोलापूर पर्जन्यछायेतलं गाव. ढग डोक्यावरून घाईघाईनं पूर्वेला निघून जातात, थांबून दोन थेंब टाकायलाही त्यांना सवड नसते. वाऱ्याचा वाटा मात्र आम्हाला कधी कमी पडत नाही. शेडचे पत्रे दिवसभर वाजतात, पाकणीच्या डेपोकडून निघालेले टँकर पुणे रस्त्यावर धुळीत अर्धेच दिसतात आणि गेटवरचा वॉचमन आपली खुर्ची उचलून केबिनच्या पूर्वेच्या भिंतीला नेऊन ठेवतो. त्याच्या खुर्चीवरून महिना ओळखावा.

आमच्या कारखान्यामागं कच्च्या पाण्याचं उघडं तळं आहे. चौकोनी, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, एका कोपऱ्यात पातळीची रंगवलेली पट्टी. जेवणाच्या सुट्टीत तिथं जाऊन उभं राहायची मला खोड आहे. पश्चिमेकडून पाण्यावर सुरकुत्या पळत येतात. पूर्वेच्या काठाशी फेस, लिंबाची पानं, गुटख्याच्या पुड्या असं सगळं गोळा झालेलं असतं आणि पश्चिमेचा काठ कसा झाडून काढल्यासारखा लख्ख. कचरा वाऱ्यामागं जातो यात नवल नाही. नवल पुढंच आहे. कचऱ्याबरोबर पाणीही जातं.

कँटीनमध्ये बशीत ओतलेल्या चहावर जोरानं फुंकर घातली की चहा पलीकडच्या कडेला चढतो आणि तोंडाजवळची बशी उथळ होते. तळ्याचं नेमकं तसंच होतं. वारा पाण्याच्या पाठीला घासत जातो आणि वरचा थर आपल्याबरोबर ओढून नेतो. त्या थराचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या शंभरात दोन-तीन भाग इतकाच असतो, पण वारा न थांबता वाहत राहिला तर तेवढाही पुरतो. पलीकडच्या काठाला पाणी साचतं, चढतं. चढलेल्या पाण्याच्या वजनानं खालचं पाणी तळातून माघारी यायला बघतं. म्हणजे वरून पूर्वेला जाणारं आणि खालून पश्चिमेला येणारं असे दोन प्रवाह एकाच तळ्यात एकाच वेळी चालू असतात. दोघांचा मेळ बसला की पाणी तिरकं होऊन तसंच उभं राहतं, वारा पडेपर्यंत.

खोल पाण्यात परतीच्या प्रवाहाला ऐसपैस जागा मिळते, म्हणून तिथं उतार कमी. उथळ पाण्यात त्याची कोंडी होते आणि पाणी जास्त चढतं. वारा दुप्पट झाला तर चढ चौपट. पाण्याचा मोकळा पट्टा जितका लांब, तितकी वाऱ्याला ढकलायला जास्त जागा.

या हिशेबाचं मोल डच लोकांइतकं कुणाला कळलं नसेल. १९१६च्या जानेवारीत वादळानं झायडर झीचं पाणी फुगलं, बांध फुटले, गावं बुडाली. समुद्राचा तो उथळ फाटा बांध घालून कायमचा तोडायचं ठरलं. पण तो तोडल्यावर बाहेर अडलेलं वादळी पाणी उरलेल्या किनाऱ्यावर किती चढेल, हे सांगायचं कुणी? १९१८मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद दिलं हेंड्रिक लॉरेन्ट्झ यांना. होय, तेच लॉरेन्ट्झ. १९०२चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले, आइनस्टाइन ज्यांना गुरुस्थानी मानायचे ते. साठी उलटलेला हा माणूस आठ वर्षं खाडीचं पाणी मोजत बसला. १९२६ला अहवाल दिला आणि १९२८ला वारला. बांध पुरा झाला १९३२मध्ये. मला हे फार आवडतं. विश्वाच्या गणितात रमलेल्या माणसानं किनाऱ्यावरच्या लोकांच्या उंबऱ्याला पाणी लागेल की नाही याचं गणितही तितक्याच आस्थेनं करावं, याला मी मोठेपणा म्हणतो.

झायडर झीच्या नावानं एक सोपं सूत्र धरणवाल्यांच्या जगात रूढ झालं. आपल्याकडंही मातीच्या धरणाचा माथा पाण्याच्या वर किती ठेवायचा हे ठरवताना तेच वापरतात. वाऱ्याचा ताशी वेग किलोमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या मोकळ्या लांबीच्या किलोमीटरांनी गुणा, सरासरी खोलीनं भागा, पुन्हा ६२,०००नं भागा. उत्तर मीटरमध्ये येतं. ज्याला दहावीचं गणित आठवतं त्याला एवढं जमतं, म्हणून मी आमच्या तळ्यापासूनच सुरुवात केली. साठ मीटर लांब, तीन मीटर खोल, ताशी ५० किलोमीटरचा वारा. उत्तर आलं एक मिलिमीटरपेक्षाही कमी. पट्टीवरच्या रंगाच्या जाडीत हरवून जाईल इतकं. टोपी उडवणारा, डोळ्यांत माती घालणारा, पत्रे उचकटणारा हा वारा साठ मीटरांत पाण्याचं काही करू शकत नाही. त्याला लांबी लागते.

लांबी हवी तर इथून पुणे रस्त्यानं टेंभुर्णीकडं जायचं. १९८०मध्ये पुरं झालेलं उजनी धरण, भीमेवरचं. मागं पसरलेला यशवंतसागर दौंडच्या दिशेनं वळणं घेत गेलेला. पाणी वायव्येकडं लांबलेलं आणि भिंत आग्नेयेच्या टोकाला, म्हणजे पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा सगळं पाणी भिंतीकडंच रेटणार. भीमेच्या जुन्या वळणांमुळं वाऱ्याला सरळ धावायला सगळा जलाशय मिळत नाही. दहा किलोमीटरचा पट्टा धरू, सरासरी खोलीही दहा मीटर धरू. ताशी ८० किलोमीटरचं वादळ नीट टिकून वाहिलं, तर भिंतीच्या टोकाला चढ येतो दहा सेंटिमीटर. वळवाच्या वादळात इतका वेग येतो, पण ते वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतं, पाणी पुरतं तिरकं व्हायला तेवढा वेळ अपुरा. आषाढातला रोजचा वारा ३०चा धरला तर उत्तर दीड सेंटिमीटर. बोटभर रुंदी.

बोटभर म्हणून हसू नका. हा हिशेब सोलापुरात करतोय मी.

सोलापुरात माणूस भेटला की आधी तब्येत विचारतात आणि मग ‘उजनी किती?’ विचारतात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावाला हा प्रश्न घरचाच आहे. उजनीतून निघालेली जलवाहिनी याच रस्त्याच्या कडेनं पाकणीला येते. उत्तर टक्क्यांत येतं आणि दशांशानंतर दोन आकडे घेऊन येतं. धरणात एकूण ११७ टीएमसी मावतं, त्यातलं ६३.६६ मृतसाठा आणि ५३.५७ उपयुक्त. टक्के मोजायचे ते उपयुक्ताचे, म्हणून मृतसाठ्यातलं पाणी उपसायला लागलो की आमची उजनी ‘उणे’मध्ये जाते. २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती. बाहेरगावच्या माणसाला उणे पन्नास टक्के पाणी ही काय भानगड आहे ते समजावून सांगता येत नाही. सोलापूरच्या शाळकरी पोराला ते सांगावं लागत नाही.

आता पाण्याचा पसारा बघा. भरल्या धरणात तो ढोबळमानानं तीनशे चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे तीस लाख घनमीटर, टीएमसीत एक-दशांश. एक टक्का म्हणजे अर्धा टीएमसी आणि काही, म्हणजेच पातळीत पाच सेंटिमीटर. त्या बोटभर दीड सेंटिमीटरचे झाले पाव टक्क्याहून थोडे जास्त. वादळानं चढवलेल्या दहा सेंटिमीटरचे दोन टक्के. म्हणजे धरणात एक थेंबही न येता, नुसत्या वाऱ्यानं, भिंतीजवळच्या पट्टीवर उजनी वाढलेली दिसू शकते. पट्टीभोवती विहिरीसारखा बंदिस्त कोठा केला तर लाटांची उसळ आत येत नाही, पट्टी स्थिर वाचता येते. पण वाऱ्यानं चढलेली पातळी कोठ्यातही तशीच चढलेली असते, तिला कोठा अडवत नाही. धरणावर काम करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. ते पहाटेचं, वारा मंद असतानाचं माप विश्वासाचं धरतात. आम्हाला, टक्के चघळणाऱ्यांना, ते ठाऊक नसतं. सोमवारी चाळीस पूर्णांक बारा, मंगळवारी चाळीस पूर्णांक एकतीस, की कँटीनमध्ये दौंडचा विसर्ग, पुण्याची धरणं, भीमेचा पूर असं सगळं निघतं. वाऱ्याचं नाव कुणी काढत नाही. दशांशानंतरचे आकडे कधीकधी त्याचेही असू शकतात.

ही झाली चढाची बाजू. उताराच्या बाजूला कोण आहे ते भिंतीवरून दिसत नाही.

पळसदेवच्या अंगाला जलाशय मे-जूनमध्ये मागं हटतो, बुडालेलं पळसनाथाचं मंदिर पाण्यातून वर येतं आणि बघायला माणसं जमतात. त्याच दिवसांत काठावरच्या शेतकऱ्याची मोटार पाण्यामागं धावत असते. पाइपाला पाइप जोडायचा, केबल वाढवायची, चिखलात चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणायचं. अशा चारीत पाणी असतं गुडघ्याएवढं, कधी त्याहून कमी. काठावर भेटलेल्या एका शेतकऱ्यानं मला सांगितलं होतं, ‘‘दुपारी वरनं वारं सुटलं की मोटार हवा धरतीय बघा. रात्री परत नीट चालतीया.’’ त्यानं विजेला दोष दिला नाही, मोटारीलाही नाही. पाणी खालच्या अंगाला ‘गेलंय’ म्हणाला, जणू शेजारच्या गावाला लग्नाला गेलंय. मी त्याला सूत्र सांगितलं नाही. वरच्या टोकाला दोन-तीन बोटं पाणी उतरलं, चारीतला फूटव्हॉल्व्ह उघडा पडला, मोटारीनं हवा घेतली. त्याच्या सांगण्यात सगळं होतं, फक्त ६२,००० नव्हतं.

सपाट काठावर या बोटांचं अंतर फार होतं. भिगवण, कुंभारगावची गाळाची जमीन इतकी सावकाश उतरते की पाचशे मीटरला एक मीटर उतार धरला, तरी पाच सेंटिमीटर पाणी खाली गेलं की काठ पंचवीस मीटर आत सरकतो. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात, उथळ पाण्यात चोच उलटी घालून चरतात. त्यांना पाणी हवं असतं बेताचंच. वारा फिरला की पाण्याची कड सरकते आणि पक्ष्यांची ती गुलाबी रांगही सरकते. कॅमेरे घेऊन होड्यांतून आलेली मंडळी म्हणतात, पक्षी बुजले. होडीवाले भोई काही बोलत नाहीत, होडी फिरवतात. उजनीच्या चिलापीवर ज्यांची चूल पेटते त्यांना वारा कुठून आहे हे विचारावं लागत नाही. जाळं कुठं टाकायचं ते त्यावरूनच ठरतं.

वारा एकदम पडला तर काय होतं? चढलेलं पाणी निमूटपणे जागेवर येत नाही. ते परत येतं, जागा ओलांडून पलीकडं चढतं, पुन्हा फिरतं. सगळा जलाशय कितीतरी वेळ असा हेलकावत राहतो, डोळ्याला कळणार नाही इतका सावकाश. जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहणाऱ्या लोकांना हे शतकानुशतकं दिसत होतं. ते त्याला सेश म्हणत. काठावरच्याच मॉर्ज गावात जन्मलेल्या फ्रान्स्वा-आल्फाँस फोरेल यांनी १८६९च्या सुमारास ते मोजायला घेतलं आणि पातळी आपोआप कागदावर उमटवणारं यंत्र बसवून दाखवलं की सरोवराचं पाणी साधारण ७३ मिनिटांत एक हेलकावा पुरा करतं. लांबी आणि खोली कळली की हा वेळ काढता येतो. उजनीच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्याला तो अर्ध्या तासाच्या थोडा वर येतो. आमच्या कारखान्यामागच्या तळ्याला वीस-बावीस सेकंद. अमेरिकेतल्या ईरी सरोवराला जवळजवळ चौदा तास.

ईरीचं नाव मुद्दाम काढलं. सूत्र तेच, वारा तोच, पण लांबी ३८८ किलोमीटर, सरासरी खोली जेमतेम १९ मीटर, आणि सरोवर नेमकं नैर्ऋत्य-ईशान्य पसरलेलं, तिथले हिवाळी वारे जसे वाहतात तसं. ताशी ८०च्या वाऱ्यात एका टोकाचा चढ दोन मीटरच्या पुढं जातो. नैर्ऋत्येच्या टोकाला टोलेडो, ईशान्येच्या टोकाला बफेलो. मोठ्या वादळात या दोन शहरांच्या पाण्यात चार मीटरहून जास्त फरक पडल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडच्या दुमजली घराच्या पहिल्या स्लॅबहून उंच. माझा एक भाचा टोलेडोजवळ असतो. डिसेंबर २०२२च्या हिमवादळात त्यानं व्हिडिओ कॉल लावला. ‘‘मामा, बघ, तळं गेलं,’’ म्हणाला. पडद्यावर चिखल, दगड, तिरकी पडलेली एक जुनी जेट्टी आणि लांबवर पाण्याची रेघ. तेच पाणी त्या वेळी बफेलोच्या रस्त्यांवर चढत होतं. त्याच बफेलोत १८ ऑक्टोबर १८४४च्या रात्री अशाच पाण्यानं चौदा फुटी भिंत ओलांडली आणि ७८ माणसं गेली.

उथळ सरोवर किती वाईट वागू शकतं हे पाहायचं तर फ्लोरिडातलं ओकिचोबी पाहावं. पसारा एकोणीसशे चौरस किलोमीटर, खोली सरासरी तीन मीटरसुद्धा नाही. सप्टेंबर १९२८च्या चक्रीवादळात आधी उत्तरेचा वारा आला आणि त्यानं सगळं पाणी दक्षिणेला लोटलं. तिथला चिखलाचा बांध ते पेलू शकला नाही. डोळा पुढं सरकला, वारा उलटला आणि पाणी उत्तरेच्या काठावर चढलं. किमान अडीच हजार माणसं मेली, बहुतेक शेतात राबणारे गरीब कृष्णवर्णीय मजूर. पाऊस होताच, पण मारलं ते वाऱ्यानं ढकललेल्या सरोवरानं.

महाराष्ट्रात या हिशेबात उजनीपेक्षा पैठणचा नाथसागर पुढं आहे. १९७६चं जायकवाडी धरण, पसारा रुंद, खोली सरासरी सात मीटरच्या आसपास. वाऱ्याला तीस किलोमीटर सरळ मिळाले, तर ८०च्या वादळात हातभर चढ निघतो. ही आकडेमोड आहे, भाकीत नव्हे. धरणाचा माथा याहून कितीतरी वर असतो आणि पाण्याकडच्या अंगाला दगडाचं पिचिंग असतं, ते याच्याचसाठी. भिंतीला भीती नाही.

भीती आहे ती पाण्यावरच्या माणसाला, आणि ती चढाची नाही, लाटांची. २१ मे २०२४च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सहा माणसं बुडाली, त्यात दोन लहानगी. एक जण पोहत काठाला लागला. धरणानं दोन तालुक्यांच्या मध्ये पाणी घातलं, रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, म्हणून लोक होडीनं जातात. पिढीभर जात आलेत. त्यांना वेडं धाडस म्हणणं सोपं आहे. पण वाऱ्याला दहा किलोमीटर मोकळे मिळाले की तो पाण्यावर नुसती पातळी नाही, लाटाही वाढवतो, आणि वळवाचा वारा पाच मिनिटांत शून्यावरून ८०वर जातो. कुगावच्या माणसाला सोलापूरची उजनी किती टक्के आहे याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला पलीकडं जायचं असतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. रोज छापून येणाऱ्या उजनीच्या टक्क्यांशेजारी दोन गोष्टी आणखी द्या: धरणावरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा, आणि भिंतीजवळच्या पातळीबरोबर भिगवणकडच्या टोकाची पातळी. पट्टी, माणूस आणि फोन, याहून जास्त काही त्याला लागत नाही. होडीच्या प्रत्येक धक्क्यावर तोच वाऱ्याचा आकडा फळ्यावर खडूनं लिहा, आणि तो ठरावीक रेघेच्या वर गेला की होडी सोडू नका. आणि होडीत बसणाऱ्यांनो, लाइफ जॅकेट नसेल तर चढू नका. पश्चिम काळी झाली असेल तर जॅकेट असलं तरी चढू नका.